पापणी हलवा, आहार न्या

अंगणवाडी सेविका म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा माझ्या डोक्यात मुलं, गाणी, वजनकाटा आणि खिचडी एवढंच होतं. आधीच्या ताईंनी निवृत्त होताना चावीसोबत रजिस्टरांचा गठ्ठा दिला आणि म्हणाल्या, “हे राहू दे कपाटात. खरं काम आता मोबाईलात.”

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी तोंडात अजून नगरच येतं. अंगणवाडी योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. बरीच वर्षं तिचा कारभार रजिस्टरांवर चालला. मग मार्च 2021 मध्ये पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आलं. त्याच वर्षी राज्यातल्या कितीतरी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल आंदोलन करून परत केले होते. तापणारा फोन, अपुरी मेमरी आणि इंग्रजी अ‍ॅप, अशी त्यांची तक्रार होती. मी तेव्हा नुकती लग्न होऊन आले होते. बाया फोन परत का करतात, हे मला कळलं नव्हतं. फुकट मिळालेला फोन कोण परत करतं?

माझ्या वाट्याला आलं ते त्याच्या पुढचं. 1 जुलै 2025 पासून घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर, चेहरा पटल्याशिवाय द्यायचा नाही असा नियम आला. गरोदर बाई, स्तनदा माता, सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाची आई, या सगळ्यांचं आधी ई-केवायसी करायचं. आधार नंबर टाकायचा, ओटीपी घ्यायचा, मग बाईला कॅमेऱ्यासमोर उभं करायचं. पापणी हलली की माणूस जिवंत आहे, फोटोचा फोटो नाही, हे अ‍ॅपला कळतं. पुढे दर महिन्याला आहार देताना तोच चेहरा पुन्हा पटवायचा. आहार मधल्या मधे गायब होऊ नये, ज्याचा त्याला मिळावा, असं कारण प्रशिक्षणात सांगितलं. कारण खोटं नाही. पाकिटं कुठे कुठे जातात याच्या गोष्टी आम्हीही ऐकल्यात.

पहिल्या दिवशी अंगणवाडीच्या ओट्यावर बायांची रांग लागली. पहिलीच सून सासूसोबत आलेली. सासू म्हणे, “डोक्यावरचा पदर काढायचा नाही.” फोनला कपाळ आणि कान नीट दिसायला हवेत की नाही, तेच मला ठाऊक नव्हतं. मी पदर जरा मागे सरकवला, सासूने तो पुढे ओढला. सून मधल्या मधे गोरीमोरी. शेवटी मदतनीस मावशींनी सासूला बाळाचं वजन बघायला आत नेलं, तेवढ्यात मी तिला पापणी हलवायला सांगितली आणि काम झालं. मागून एक म्हातारी विचारती झाली, “बाई, हा फोटू जातो कुठं?”

“दिल्लीला,” मी म्हणाले.

“दिल्लीला? तिथं आपलं कोण हाय?”

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं.

खरी गंमत ओटीपीची. आधारला जोडलेला नंबर बाईचा स्वतःचा असेलच असं नाही. कुठे नवऱ्याचा असतो, कुठे सासऱ्याचा, कुठे कधीच बंद पडलेला. आमच्याकडचे निम्मे तरुण सुप्याच्या एमआयडीसीत, उरलेले मुंबईत. एकीचा नवरा कंपनीत लाइनवर उभा, फोन बाहेर लॉकरमध्ये. ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती बिचारी बाळ मांडीवर घेऊन बसून राहिली.

या ओटीपीनेच मला पहिल्यांदा थांबवलं. एक मुलगी दुपारी, मुलं घरी गेल्यावर आली. दार लोटून घेतलं. दुसरा महिना चालू होता. आधी दोनदा पोट राहून गेलेलं. आमच्याकडे तसंही तिसरा महिना सरेपर्यंत कुणी बोलत नाही. हिने तर घरातही कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त नवऱ्याला. लवकर नोंद केली तर आहार आणि तपासण्या लवकर सुरू होतील, असं मीच घरभेटीत सगळ्यांना सांगत फिरत होते, म्हणून ती आली. आधार नंबर टाकण्याआधी मी सवयीने विचारलं, “ओटीपी कुणाच्या मोबाईलवर जाईल?”

“दिरांच्या.”

मी बोट बाजूला घेतलं. संदेश आला की दीर विचारणार, कसला ओटीपी? मग जाऊ, मग सासू, मग गाव. तिने पाच मिनिटं विचार केला. म्हणाली, “राहू द्या ताई. पाचव्या महिन्यात येईन. तवर दिसंलच.” आणि निघून गेली. तिच्या पिशवीत मला काहीच घालता आलं नाही. आशाताईंकडून गोळ्या घे, एवढं मात्र बजावलं.

मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “गावात कवा काय झाकून राह्यलंय?” तेही खरं. आमच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना कुणाच्या सुनेला सकाळी उलटी झाली हे दुपारच्या आत कळतं. ग्रामपंचायतीने वेशीवर सीसीटीव्ही बसवला तेव्हा कुणी कुरकुर केली नाही. उलट मोटारी चोरीला जातात म्हणून आम्हीच मागितला होता. ग्राम सुरक्षा यंत्रणेच्या टोल फ्री नंबरवर एकाने बिबट्या दिसल्याचं सांगितलं की गावातल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजतात, त्याचंही आम्हाला कौतुकच आहे. पण पारावरच्या म्हाताऱ्याला तुम्ही उलट विचारू शकता, “काय हो बाबा, काय बघता?” तो वरमतो, आणि वर्षभराने विसरतोही. फोनातल्या चेहऱ्याबद्दल मी हे कुणाला विचारू? पोट पुन्हा राहून गेलं तर ती नोंद किती वर्षं राहील?

बघणारे माझ्याकडेही बघतात. अंगणवाडी उघडली याची रोज नोंद, मुलांच्या हजेरीचा फोटो. रेंज नसली की मी शाळेमागच्या टेकाडावर जाते. मग कुणीतरी म्हणतं, बाई सारखी बाहेरच दिसते.

बीटच्या मीटिंगमध्ये मी पर्यवेक्षिकांना विचारलं, “मॅडम, एखादीला फोटो काढून टाकायचा असेल तर?” आधी शांतता, मग उत्तर: “आधी तुमच्या केवायसी किती राहिल्या ते सांगा.”

घरी सासऱ्यांना, आबांना, सांगितलं. अण्णा हजारेंचं राळेगणसिद्धी आमच्यापासून लांब नाही. माहितीच्या अधिकारासाठी अण्णांचं आंदोलन चालू होतं तेव्हा आबा सायकलवरून तिथे जात. राज्याचा कायदा 2002 चा, केंद्राचा 2005 चा, हे ते नातवंडांच्या वाढदिवसासारखं सांगतात. रस्त्याच्या कामाचं इस्टिमेट आणि मोजमाप पुस्तिका त्यांनी अर्ज करून मागवली होती. डांबर कागदावर किती आणि रस्त्यावर किती, हे गावाला त्यातून कळलं. आबांचं साधं गणित असं की सरकारने आपल्याला हिशेब दाखवायचा. माझं ऐकून ते म्हणाले, “म्हणजे आता उलटं झालं की. ते आपल्याला बघणार आन् आपण इचारायचं नाही?”

मी त्यांना पेपरमध्ये वाचलेलं सांगितलं. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. पुढच्या वर्षी पाच न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सरकारी योजनांच्या लाभासाठी आधार चालेल असं सांगितलं. आबांना दुसरा भाग पटला, पहिला जास्त आवडला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा मात्र त्यांना आवडत नाही, कारण त्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमाला हात लावला. “आता साहेब म्हणणार, ही वैयक्तिक माहिती आहे, मिळणार नाही. साहेबाची झाकायची आन् सुनंची दिल्लीला धाडायची?” त्यांचं म्हणणं जरा एकांगी आहे, पण मला खोडता येईना.

मग त्यांनीच कागद पुढे ओढला. प्रश्न मी सांगितले, ते त्यांनी लिहिले. गरोदर महिलेचा फोटो कुठे साठवला जातो? किती काळ? तो कोण कोण पाहू शकतं? काढून टाकायचा असेल तर अर्ज कुणाकडे करायचा? ओटीपीसाठी बाईचा स्वतःचा नंबर नसेल तर दुसरी सोय काय? पाचवा प्रश्न त्यांनी दोनदा गिरवला. कपाटातून दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट काढून चिकटवायला घेतलं, मग थांबले. अ‍ॅप केंद्र सरकारचं. तिथे आपल्याकडचं कोर्ट फी तिकीट चालत नाही, पोस्टल ऑर्डर लागते. तिकीट परत डबीत गेलं. सोमवारी मी पारनेरला जाणारच आहे, तेव्हा पोस्टातून दहा रुपयांची ऑर्डर आणते म्हटलं. अर्ज कुणाच्या नावाने करायचा यावर मात्र आमचं अजून ठरलेलं नाही. आबा म्हणतात तुझ्या, मी म्हणते तुमच्या, कारण अडकलं तर मानधन माझं अडकेल.