सुटकेस

परवा नागपूरहून भाच्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. वाचून झाल्यावर सौ.नं पहिला प्रश्न विचारला, "कोण जाणार?" म्हणजे आम्हा दोघांपैकी कोण. गेली चार-पाच वर्षं आमच्या घरी हे असंच चाललंय. एक जण लग्नाला, एक जण सोनीपाशी. नातेवाईकांत त्यावरून कुजबुज आहे, तीही माझ्या कानावर आहे. "कुत्र्यापायी माणसं कार्यं सोडायला लागली" वगैरे. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच टाकावं.

सोनी आमच्याकडे आली २०२१ च्या पावसाळ्यात. त्याआधी ती एका वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये राहायची. त्या घरच्यांची बदली झाली. ट्रकमध्ये सामान भरलं, कपाट गेलं, कूलर गेला, तुळशीची कुंडीसुद्धा गेली. सोनी फाटकाबाहेर राहिली. शेजारचे भाकरी टाकायचे, ती खायची आणि पुन्हा फाटकाला पाठ लावून बसायची. बारा दिवस! जखमी जनावरांसाठी धावणारी काही तरुण मुलं आमच्या चंद्रपुरात आहेत, त्यांनी तिला उचलून नेलं, नसबंदी केली, रेबीजची लस टोचली. त्यातला एक माझा जुना विद्यार्थी. "सर, फक्त आठ दिवस ठेवा, टाके सुकेपर्यंत." ते आठ दिवस अजून चालू आहेत.

सौ.चा सुरुवातीला सक्त विरोध होता. कुत्रं अंगणात, उंबऱ्याच्या आत नाही. स्वयंपाकघराचं तर नावच काढायचं नाही. गंमत अशी की विरोध तिचा आणि भाकरीही तीच घालायची. सोनी खायची, पण हात लावू द्यायची नाही. हात पुढे केला की मान आक्रसून मागे सरकायची. गुरगुरणं नाही, चावणं नाही, नुसतं मागे सरकणं.

तेव्हा नातीनं मला एक माहिती वाचून दाखवली होती. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा म्हणून शास्त्रज्ञ आहेत. त्या आणि त्यांचे विद्यार्थी आपल्या रस्त्यावरच्या साध्या गावठी कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात असं दिसलं की अनोळखी माणसावर या कुत्र्यांचा विश्वास बसायला खाऊपेक्षा अंगावरून फिरवलेला हात जास्त कामी येतो. मी म्हटलं, छान! पण जिला हातच नको तिचं काय करायचं? त्यावर नातीकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. तीन महिने गेले. एका दुपारी सौ. ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. सोनी आली आणि तिच्या पावलावर हनुवटी टेकवून झोपली. सौ. तासभर हलली नाही. पायाला मुंग्या आल्या तरी नाही. त्या दिवसापासून उंबरा, सोवळं, स्वयंपाकघर, सगळे नियम एकेक करत गेले. कधी गेले ते आम्हालाही कळलं नाही.

मग आली सुटकेस. एका कार्यक्रमासाठी आम्ही दोघंही दोन दिवस बाहेर जाणार होतो. मी माळ्यावरून सुटकेस काढून पलंगावर ठेवली. सोनीनं ती पाहिली मात्र, थरथरायला लागली. खोलीतच लघवी केली. मग दारात जाऊन आडवी पडली, जेवली नाही, पाणीसुद्धा प्यायली नाही. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "रोज सुटकेस काढा, थोडा वेळ ठेवा, परत माळ्यावर टाका. कुठे जाऊ नका. सुटकेस म्हणजे जाणं हे तिच्या डोक्यातून निघायला वेळ लागेल."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मला सोनीपेक्षा जास्त मोती आठवत होता. मोतीबद्दल मी मुलांना कधी सांगितलेलं नाही. सौ.ला माहीत आहे, पण तीही बोलत नाही.

मी तेव्हा आताच्या धानोरा तालुक्यातल्या एका लहान गावात शिक्षक होतो. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ साली, मी गेलो तेव्हा सगळा चंद्रपूर जिल्हाच होता. एका पावसाळ्यात पोरांनी नाल्याच्या पुरातून एक पिल्लू काढलं आणि शाळेत आणलं. तोच मोती. शाळेच्या व्हरांड्यात झोपायचा, प्रार्थनेला पोरांच्या रांगेशेजारी बसायचा. रात्री मी दिशेला निघालो की पुढे मोती, मागे मी. जंगलातलं गाव, बिबट्या अस्वलाचा वावर, मोती पुढे असला की माझी छाती ठोके देत नसे. सौ. लग्न होऊन आली तेव्हा भीतीनं रडायची, तिलाही त्यानंच धीर दिला.

१९८४ साली माझी बदली झाली. चिरंजीव सव्वा वर्षाचे होते. चंद्रपुरात भाड्याच्या दोन खोल्या ठरवल्या होत्या आणि घरमालकानं आधीच बजावलं होतं, जनावर चालणार नाही. खरं सांगायचं तर दुसरी खोली मी शोधलीही नाही. कोतवालाच्या हाती मोतीची दोरी दिली. तो म्हणाला, "गुरुजी, तुमी जा, मी पायतो त्याले." एसटी सुटली. दोरी तोडून मोती मागे धावला. नाल्याच्या उतारापर्यंत तो मला मागच्या काचेतून दिसत होता, मग धुरळ्यात दिसेनासा झाला. कंडक्टर हसला. मीही हसलो. का हसलो ते आजही कळत नाही.

चार महिन्यांनी माझ्या जागी आलेल्या गुरुजींचं अंतर्देशीय पत्र आलं. शाळेचं दप्तर, हजेरीपट, एक-दोन कामाच्या गोष्टी. शेवटी दोन ओळी: तुमचा मोती रोज संध्याकाळी मुक्कामी गाडीच्या वेळेला थांब्यावर येऊन बसत असे. मागच्या आठवड्यात बिबट्यानं नेला.

बिबट्याला दोष द्यायचं कारण नाही. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले भागातल्या बिबट्यांचा आहार तपासला तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. गावाच्या कडेला रात्री एकटं बसलेलं कुत्रं त्याला मिळणारच. पण त्या वेळी तिथे ते एकटं का बसलं होतं, ते मला माहीत होतं.

आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट. बाबा आमटे वरोऱ्याजवळच्या माळावर आनंदवन उभं करायला आले तेव्हा सोबत साधनाताई, दोन लहान मुलं, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये होते असं सांगतात. शाळेत मी हे किती वेळा शिकवलं असेल! चौदा रुपयांवर पोरांना प्रश्नही काढत असे. तो कुत्रा मात्र मी दर वेळी भराभर वाचून पुढे जायचो.

आता कुणी म्हणेल, गुरुजी म्हातारपणी हळवे झाले. तसं नाही. कुत्रं चावलेलं पोर मी पाहिलंय. चौथीतल्या एका मुलाला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायला त्याचा बाप रोज खांद्यावर बसवून नेत असे. आता ती पोटातली इंजेक्शनं गेली, दंडात घ्यायची लस आली, पण रेबीज एकदा उलटला की माणूस वाचत नाही हे आजही तितकंच खरं आहे. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात भटक्या कुत्र्यांवरून जे चाललं होतं, ते वाचताना मला दोन्ही बाजूंचं पटत होतं. फक्त एक विचारावंसं वाटायचं, की या रस्त्यावरच्या कुत्र्यांतली किती जण कधीकाळी कुणाच्या तरी फाटकाच्या आत होती? सोनीला आम्ही दर वर्षी लस देतो, फिरायला नेताना साखळी लावतो. शेजारच्या वहिनींना कुत्र्याची भीती वाटते, त्या दिसल्या की मी रस्ता बदलतो. त्यांनी का बदलावा?

तर आता मुद्द्याचं. चिरंजीव पुण्याला असतात आणि दोन वर्षांपासून मागे लागलेत, आईबाबा आता इकडेच या. माझं गुडघ्याचं दुखणं, सौ.चा बीपी, सगळं खरं आहे. त्याचं मन चांगलं आहे. फोनवर तो म्हणतो, "सोनीला तिकडे कुणाकडे तरी ठेवा ना बाबा, चांगलं घर बघून." तो हे वाचेलच. बाळा, तू तेव्हा आईच्या मांडीवर झोपला होतास, म्हणून तुला आठवणार नाही. मोतीलाही मी चांगलं घर बघूनच ठेवलं होतं.

रेल्वेत फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आपल्या नावे मिळाला तर कुत्रं सोबत नेता येतं, मी चौकशी केली आहे. नाहीतर गार्डाच्या डब्यात पेटीत. पेटीत मी तिला घालणार नाही. गाडी करून आलो तर वाटेत दोन मुक्काम लागतील. तुमच्या सोसायटीचे नियम काय आहेत ते विचारून कळव. हो असेल तर तिघं येऊ.

सुटकेसचा सराव चालू आहे. रोज सकाळी चहानंतर मी ती काढतो, पलंगावर ठेवतो, पेपर वाचतो, परत ठेवतो. आता ती थरथरत नाही. पण माझा पेपर वाचून होईपर्यंत दारातून उठतही नाही.

नागपूरच्या लग्नाला सौ. जाणार आहे. शालू, चप्पल, आहेराचं पाकीट, सगळं बाजाराच्या दोन पिशव्यांतून नेते म्हणाली.