दूरवर नेम धरणारा

अपोलो 17 या चांद्रमोहिमेच्या बोधचिन्हावर एक सोनेरी चेहरा आहे. तरुण, सरळ नाकाचा, कपाळावर कुरळ्या केसांची गाठ बांधलेला. मागे गरुड आहे आणि त्याच्या पंखात अमेरिकी ध्वजाचे लाल पट्टे. पंखाचा काही भाग चंद्रावर आला आहे. चंद्रावर माणूस पोचला, हे त्यातून सांगायचं होतं. चेहऱ्याची नजर मात्र चंद्राकडे नाही. ती त्याच्याही पलीकडे, शनीकडे आणि एका आकाशगंगेकडे लागलेली आहे. रॉबर्ट मॅकॉल या चित्रकाराने अंतराळवीरांशी बोलून हे चिन्ह रेखाटलं. 1972च्या डिसेंबरमध्ये ते अंगावर मिरवत तिघे निघाले, आणि चंद्रावर उतरून आलेली ती आजवरची शेवटची तुकडी ठरली, तरी त्या चेहऱ्याला त्याची खंत नसावी, असं मला ते चिन्ह पाहताना नेहमी वाटतं. तो मुळातच पुढे पाहणारा आहे.

हा चेहरा अपोलो या ग्रीक देवाच्या व्हॅटिकनमधल्या एका संगमरवरी पुतळ्याचा. अपोलो बेल्व्हेडेअर. उंची 2.24 मीटर. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात घडवलेली ही रोमन प्रत. मूळ ग्रीक ब्राँझ पुतळा कधीच नाहीसा झाला, आणि तो लेओखारीस या शिल्पकाराचा असावा असं मानतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हा संगमरवर जमिनीतून वर आला, पोप दुसरा ज्युलियस याने तो आपल्या राजवाड्याच्या चौकात उभा केला, आणि पुढची तीन शतकं युरोपने सौंदर्य म्हणजे काय ते याच्याकडे पाहून ठरवलं. जर्मन कला-इतिहासकार विंकेलमानने 1764 सालच्या आपल्या ग्रंथात प्राचीन कलेतलं सर्वोच्च स्थान त्याला दिलं. नेपोलियनने तो उचलून पॅरिसला नेला, नेपोलियन पडल्यावर तो रोमला परतला. मग रसिकांची आवड पालटली. पार्थेनॉन या ग्रीक देवळाची शिल्पं लोकांनी डोळे भरून पाहिली आणि हा अपोलो त्यांना थंड, गुळगुळीत वाटू लागला.

मला तो थंड वाटत नाही. त्याचं कारण त्याच्या उभं राहण्यात आहे. डावा हात पुढे पसरलेला, त्यात धनुष्य असणार. उजवा पाय पुढे, देहाचा भार त्यावर, मागचा पाय नुकताच टाचेतून सुटलेला. बाण गेलेला आहे. तो कुठे लागला हे शिल्पात नाही, आणि धनुर्धर त्या दिशेला पाहतो आहे. बहुतेक वीरांचे पुतळे घाव घालतानाचे असतात. याचा घाव घालून झाला आहे, तोही दुरून, आणि आता त्या अंतराकडे पाहणं एवढंच उरलं आहे. ते अंतर दगडात कोरता येत नाही. शिल्पकाराने ते मानेच्या एका वळणातून दाखवलं.

होमरने या देवाला दुरून मारणारा म्हटलं आहे, आणि इलियडच्या पहिल्याच सर्गात तो तसाच येतो. ग्रीकांनी नेलेली मुलगी मागायला आलेल्या त्याच्या पुजाऱ्याचा अपमान झालेला असतो. देव रागाने डोंगरावरून उतरतो, पाठीवरच्या भात्यात बाण खळखळतात, आणि ग्रीकांच्या जहाजांपासून लांब बसून तो बाण सोडू लागतो. आधी खेचरं पडतात, मग कुत्री, मग माणसं. नऊ दिवस ही साथ चालते. सैन्यातल्या कोणालाही शत्रू दिसत नाही, चितांचा धूर तेवढा दिसतो. पुजाऱ्याची मुलगी परत केल्यावर ग्रीक तरुण दिवसभर त्याचं स्तोत्र गातात आणि ते ऐकून त्याचं मन निवतं. ज्याने साथ पाठवली त्याच्याच समोर बसून गायचं! हे मला या देवाचं सगळ्यात खोल रूप वाटतं. त्याच्या एका हातात धनुष्य आणि दुसऱ्या हातात वीणेसारखं तंतुवाद्य. दोन्ही ताणलेल्या तंतूंची.

आपल्याला हे परकं वाटू नये. देवीचा रोग आणणारी शीतला तोच रोग उतरवते, मरीआईला गावाबाहेर पोचवून तिचीच ओटी भरली जाते. आणि त्याही आधीचा रुद्र. तोही धनुर्धर, त्याचेही बाण रोग घेऊन येणारे, म्हणून रुद्राध्यायात भक्त त्याला धनुष्याची दोरी उतरवायची विनवणी करतो आणि त्याच श्वासात त्याला देवांचा पहिला वैद्य म्हणतो. रुद्राचं जनावर उंदीर, असं यजुर्वेद सांगतो. अपोलोच्याही एका जुन्या बिरुदात उंदीर आहे. दोन दूरच्या प्रदेशांतल्या माणसांनी साथीच्या रोगाबद्दल इतका सारखा विचार करावा, यात मला विद्वानांच्या तुलनेपेक्षा माणसांचं भय जास्त दिसतं. ज्याच्या हातात मारणं आहे त्याच्याचकडे वाचवण्याची मागणी करणारं भय.

ग्रीक कलेतला माझा आवडता अपोलो मात्र बेल्व्हेडेअरचा नाही. तो ऑलिंपियाचा. झ्यूसच्या देवळाच्या पश्चिमेकडच्या त्रिकोणी माथ्यावर तो होता, आता तिथल्याच संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वी 460च्या आसपासचं काम. लग्नाच्या मेजवानीत दारू चढलेले सेंटॉर, म्हणजे अर्धे घोडे अर्धे पुरुष, नवरीला आणि इतर बायकांना ओढून नेताहेत. केस धरलेले, चावे घेतलेले, अंगाला अंग भिडलेलं. त्या सगळ्या झोंबाझोंबीच्या मधोमध तो उभा आहे, मान उजवीकडे वळवून, उजवा हात खांद्याच्या उंचीवर आडवा पसरून. कोणाला स्पर्श नाही, चेहऱ्यावर राग नाही. त्या झुंजीतल्या माणसांना तो दिसत असेल असंही वाटत नाही. पण तो हात पसरला आहे म्हटल्यावर निकाल लागल्यासारखाच आहे. इथे सुटलेला बाण नाही, तरी तेच अंतर आहे.

अशा देवाचं नाव यानाला कसं मिळालं? 1960च्या सुरुवातीला नासातले एक वरिष्ठ अधिकारी एब सिल्व्हरस्टीन घरी पुराणकथांचं पुस्तक चाळत होते. सूर्यावरून रथ हाकणारा अपोलो त्यांना भावला, कारण योजनेचा आवाका तेवढाच भव्य होता. जुन्या ग्रीक कथांत सूर्याचा रथ हेलिऑसचा असतो, अपोलोकडे तो पुढच्या काळात आला. आणि चंद्र तर त्याच्या जुळ्या बहिणीच्या, आर्टेमिसच्या वाट्याचा. भावाच्या नावाने माणसं बहिणीच्या घरी गेली. नव्या चांद्रयोजनेला 2019मध्ये आर्टेमिस हे नाव देऊन नासाने ती बाजूही पुरी केली. तरी मला सिल्व्हरस्टीन यांची निवड चुकली असं वाटत नाही. जिथे हात पोचत नाही तिथे नेम पोचवणारा देव त्यांनी उचलला होता, रथाच्या निमित्ताने का होईना.

या नावात साथीचे बाण होते, तेही वाट्याला आले. 27 जानेवारी 1967 रोजी केप केनेडीच्या तळावर, उड्डाणाच्या तालमीत, यानाच्या कुपीला आग लागली. आत शुद्ध ऑक्सिजन, दार आत उघडणारं. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी गेले. कागदोपत्री त्या मोहिमेचं नाव वेगळं होतं, केवळ अक्षरं आणि आकडे. तिघांनी आपल्यापुरतं तिला अपोलो 1 म्हटलं होतं, तसं बोधचिन्हही करून घेतलं होतं. त्यांच्या पत्नींनी मागणी केली की हे नाव दुसऱ्या कुठल्या उड्डाणाला देऊ नये, ते आमच्या माणसांचंच राहू द्या. नासाने ते मान्य केलं. अपोलो 2 आणि 3 या नावाची उड्डाणं झालीच नाहीत, पुढचं यान थेट अपोलो 4 होतं. जमिनीवरून न उठलेल्या यानाचा क्रमांक पहिला आहे, आणि तो तसा असावा हे त्या तीन बायकांनी ठरवलं. चंद्रावरच्या बारा जणांबद्दल बोलताना हे सांगायला मी विसरत नाही.

अपोलो 11, 14 आणि 15च्या वीरांनी चंद्रावर परावर्तक ठेवले, काचेच्या कोपऱ्यांचे, आलेला प्रकाश आल्या वाटेने परत धाडणारे. न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट वेधशाळेतून साडेतीन मीटरच्या दुर्बिणीतून त्यांच्यावर लेझरचे झोत सोडले जातात. जायला आणि यायला मिळून अडीच सेकंद. सोडलेल्या अगणित प्रकाशकणांपैकी परत हाती लागतात ते अगदी थोडे, एका झोतामागे एखाददुसरा. तेवढ्यावर चंद्राचं अंतर मिलिमीटरपर्यंत मोजलं जातं, आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत पारखला जातो. चंद्र वर्षाला 3.8 सेंटिमीटर लांब सरकतो, हे या परावर्तकांमुळेच इतकं नेमकं कळलं. त्या प्रकल्पाच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की होतं अपोलो. नावं ठेवणाऱ्यांनी ती मुद्दाम जुळवली असणार, आणि बरं केलं.

आपल्या बाजूला हे नाव यानाच्या कितीतरी आधी आलं होतं, तेही थेट खिशात. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात वायव्येला अपोलोडोटस नावाचा यवन राजा झाला. नावाचा अर्थच अपोलोने दिलेला. त्याच्या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूला बाण घेतलेला अपोलो आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला डेल्फीची तिवई आणि खरोष्ठी लिपी. तिथल्या प्राकृतात राजा झाला अपलदत. पहिल्या शतकातला एक ग्रीक व्यापारी पेरिप्लस नावाच्या आपल्या वाटाड्या ग्रंथात लिहितो की भडोचच्या बाजारात अपोलोडोटसचे आणि मिनँडर या दुसऱ्या यवन राजाचे जुने चांदीचे द्रम्म अजून चालतात. तोच पुढे सांगतो की पैठणहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून, अवघड वाटांनी, भडोचला येतं. त्या गाड्या रिकाम्या परतत नसतील. गोदाकाठच्या एखाद्या गाडीवानाच्या कनवटीला अपलदताचं नाणं बांधलेलं असेल, अशी कल्पना मी करतो, आणि ती मला फार सोडवत नाही. त्याला त्या देवाशी कर्तव्य नव्हतं. चांदी खरी आहे ना, एवढंच त्याने दाताखाली पाहिलं असेल.

मुंबईत याच्या उलटं घडलं. तिथे देव आलाच नाही, नुसतं नाव येऊन बसलं. धक्क्याला लोक पालवा म्हणत, इंग्रजांच्या जिभेवर त्याचं अपोलो झालं, आणि अपोलो बंदर म्हणून ते रुळलं. 1911मध्ये पाचवा जॉर्ज तिथे उतरला. 1969च्या ऑक्टोबरमध्ये आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स जगाच्या दौऱ्यावर निघाले असताना मुंबईला आले, तेव्हा त्या शहरात त्यांच्या यानाच्या नावाचं बंदर आधीपासून होतं.

आई आजारी होती तेव्हा या नावाशी माझी गाठ औषधाच्या दुकानाच्या पाटीवर पडायची. चेन्नईत 1983मध्ये सुरू झालेल्या अपोलो रुग्णालयामागून हे नाव देशभर पसरलं, आता गल्लोगल्ली दिसतं. रात्री उशिरा गोळ्यांची पाकिटं घेताना मला हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेली वैद्यांची जुनी शपथ आठवायची. तिच्यात साक्षीला बोलावलेला पहिला देव अपोलो, मग त्याचा मुलगा अस्क्लेपिओस, मग त्याच्या मुली. म्हणजे वैद्यकीची सुरुवात साथ पाठवणाऱ्याच्या नावाने होते. त्या दिवसांत हा विचार मला भीतिदायक वाटला नाही, आधाराचा वाटला. डॉक्टर ज्याला वश करू पाहत होते, त्याचं सामर्थ्य त्यांना ठाऊक होतं. आई बरी झाली. तिला इलियडमधली साथीची गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "अरे, मग ही आपली मरीआईच की." आणि खेचरांचं पुढे काय झालं ते तिने विचारलं.

या देवाचं गाणं राहिलं. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, 125व्या रस्त्यावर, अपोलो नावाचं नाट्यगृह आहे. 1934पासून तिथे हौशी कलाकारांची रात्र भरते. रंगमंचावर एका जुन्या झाडाच्या बुंध्याचा तुकडा ठेवलेला असतो. हे झाड हार्लेममध्येच दुसऱ्या एका रस्त्यावर होतं, त्याच्या सावलीत बेकार कृष्णवर्णीय कलावंत काम मिळायची वाट पाहत उभे राहत. रंगमंचावर येणारा प्रत्येक जण नशिबासाठी त्या लाकडाला हात लावतो. इथले बाण दुरून येत नाहीत. प्रेक्षक हातभर अंतरावर असतात, आणि गाणं जमलं नाही तर ओरडून गायकाला खाली उतरवतात. 1934च्या नोव्हेंबरमध्ये सतरा वर्षांची एक मुलगी तिथे नाचायला आली होती. तिच्या आधी दोघी बहिणींनी असा नाच केला की तिचे पाय लटपटले. उभी तर राहिली होती, म्हणून तिने गायचं ठरवलं. एला फिट्झजेरल्डने त्या रात्री पहिलं बक्षीस जिंकलं, पंचवीस डॉलरचं.