पहिलं नाव

ह्या वीकेंडला ऑन-कॉल आहे, पण सर्व्हर बिचारे गप्प आहेत. लिहायचं होतं दुसऱ्याच विषयावर. काल रात्री घरात एक छोटासा प्रसंग झाला आणि तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे. पण त्याआधी आजीबद्दल सांगायला हवं.

आजी-आजोबा नेवासे तालुक्यातले, जिल्हा नगर. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आजीचं नगर ते नगरच.) आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. आम्ही ख्रिस्ती, आजोबांच्याही आजोबांपासून. हे कळलं की ऑफिसात कुणीतरी हमखास विचारतं, "मग घरी काय बोलता? इंग्लिश? कोंकणी?" भाकरी-ठेचा खाऊन वाढलेल्या माणसाला हे विचारायचं म्हणजे... असो. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला पोचले, आणि १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' नगरहून निघायला लागलं. 'स्मृतिचित्रे' तुम्ही निदान धड्यापुरतं तरी वाचलं असेल. त्या लक्ष्मीबाईंचे यजमान रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नगरला राहिले आणि अभंगांच्या वळणाची भजनं लिहिली. ती 'उपासना संगीत'मध्ये आहेत आणि आजही म्हटली जातात. पेटी आणि टाळांवर ती ऐकताना डोळे मिटले, तर विठ्ठलाच्या देवळात बसल्यासारखं वाटेल तुम्हाला.

मे महिन्याच्या सुटीत मी आणि दादा गावाला असायचो. रेडिओवरच्या बातम्या संपल्या की आजोबा म्हणायचे, "चला, बसा प्रार्थनेला." घोंगडीवर सगळे. एक गाणं, शास्त्रातला एक अध्याय, आणि मग आजीची प्रार्थना. आजीची प्रार्थना म्हणजे यादी! मुंबईची आत्या, शाळेतल्या बाईंचं गुडघ्याचं दुखणं, सुटे पैसे नसताना तिला एस्टीत बसू देणारा कंडक्टर, शेजाऱ्यांची व्यायला झालेली म्हैस. प्रत्येक नावानंतर आजोबा मोठ्याने "आमेन" म्हणायचे, की आजी पुढच्या नावाकडे. टोपलीत भाकरी गार होतेय, आमच्या पोटात कावळे, आणि दादा घोंगडीखालून मला चिमटे काढतोय, असा सगळा सीन.

यादीतली बाकीची नावं बदलायची, पहिलं मात्र तेच. आजोबांच्या धाकट्या भावाचं. बांधावरून दोघांचं वाजलेलं. माझ्या जन्माआधीपासून केस कोर्टात, येणं-जाणं बंद, बोलणं बंद. आणि आजी रोज रात्री पहिल्यांदा म्हणणार, "प्रभू, आमच्या भाऊजींना सुखी ठेव, त्यांच्या लेकराबाळांना ठेव, त्यांच्या विहिरीला पाणी राहू दे." आजोबा आमेन म्हणायचे. बारीक आवाजात, पण म्हणायचे.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. त्या साली पाऊस झाला नव्हता. आमच्या विहिरीने तळ गाठलेला, आणि त्याच दुपारी आजोबा कोर्टातून आले ते कुणाशी न बोलता ओट्यावर बसून राहिले होते. रात्री लाइट नव्हते. कंदिलाच्या उजेडात आजीने सुरुवात केली. भाऊजी, लेकरंबाळं, विहिरीला पाणी. आणि थांबली.

आमेन आलंच नाही.

मी एक डोळा उघडला. आजोबा कंदिलाकडे बघत होते. आजीचे डोळे मिटलेलेच. ती पुन्हा म्हणाली नाही, पुढचं नावही घेईना. शुद्ध ब्लॉकिंग कॉल, टाइमआउट नसलेला. थोड्या वेळाने आजोबा उठले आणि अंगणात गेले. बाहेर त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. दादाने चिमटे काढणं कधीच थांबवलं होतं, माझा हात नुसता धरून ठेवला होता. मला तो तासभर वाटला, असतील दहा-पंधरा मिनिटं. मग आजोबा उंबऱ्यात येऊन उभे राहिले आणि डोक्यावरची मोळी टाकावी तसं म्हणाले, "आमेन." आजीने पुढचं नाव घेतलं. म्हशीसकट सगळी यादी पूर्ण केली तिने त्या रात्री.

पुढे चमत्कार वगैरे काही झाला नाही. केस चालूच राहिली, आणि चालू असतानाच धाकटे आजोबा गेले. आजोबांनी खांदा दिला, एवढंच.

मोठा झाल्यावर एकदा आजीला विचारलं, त्यांचं नाव पहिलं का घ्यायचीस? मला वाटलं, डोंगरावरील प्रवचन सांगेल. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर आधी जाऊन समेट कर, असा तिथे भाग आहे. किंवा प्रभूची प्रार्थना सांगेल. आमच्या इंग्लिश शाळेत ती 'ट्रेसपासेस' म्हणून पाठ करून घ्यायचे आणि मला गेटावरची पाटी आठवायची. मराठीत तिथे 'ऋण' आहे, ऋण सोडणं. बांधाच्या भांडणात दोन्ही शब्द चपखल! पण आजीने शास्त्रातलं काहीच काढलं नाही. म्हणाली, "शेवटाला ठेवलं का राहून जातं बघ."

माझं म्हणाल, तर इंजिनिअरिंगला गेलो आणि विश्वास हळूहळू सुटला. नाताळ आणि ईस्टरला चर्चमध्ये जातो. बायको कोल्हापूरची, घरात तिचा देव्हारा आहे. आजीने ह्यावर कधी वाद घातला नाही. फोनवर फक्त, "जेवला का? प्रार्थनेत नाव घेते हां तुझं." मी मीटिंगमध्ये म्यूटवर असायचो, "हो हो" म्हणायचो. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तीमथ्याच्या आजीचं नाव येतं, लोईस. अख्ख्या बायबलमध्ये तिचा उल्लेख तेवढाच. ती काय करायची, काय बोलायची, काही नाही. मला वाटतं तीसुद्धा यादीच करत असणार.

आजी २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेली. आजोबा आणि वडील आधीच गेले होते. कबरीपाशी मोजकी माणसं, मी पुण्यातून व्हिडिओ कॉलवर. त्यानंतर गावचं घर आणि दोन एकर. दादा आणि मी. कागद, सह्या, कुणी किती खर्च केला, कोण कधी आलं नाही. तपशिलात जात नाही. माझी बाजू बरोबर आहे असं मला आजही वाटतं. (त्यालाही वाटतच असणार.) त्या वर्षीच्या नाताळपासून बोलणं बंद. मी कोथरूडला, तो वाघोलीला.

गेल्या वर्षापासून झोपताना माझी मुलगी "पणजीसारखं म्हण" म्हणून हट्ट करते. मग मी यादी म्हणतो. विश्वास असा नाही, पण आजीची ती चाल तोंडात आहे, शब्द आपोआप येतात. तिच्या मैत्रिणी, सोसायटीचा वॉचमन, पाय मोडलेलं कुत्रं. प्रत्येक नावाला ती आमेन म्हणते, आजोबांपेक्षा मोठ्याने. पहिली ओळ मी रोज कॉमेंट करून टाकतो. ते कुणाला कळत नाही, मला कळतं.

काल काय झालं कुणास ठाऊक. सुरुवातीलाच तोंडातून गेलं, "दादाला सुखी ठेव. त्याच्या विहिरीला पाणी राहू दे."

आमेन आलं नाही. तिने डोळे उघडले.

"दादा कोण?"

"माझा मोठा भाऊ."

"तुला भाऊ आहे?" ती उठूनच बसली. "कुठे असतो?"

"वाघोलीला."

"तिथे विहीर आहे?"

"नाही गं, फ्लॅट आहे."

"मग पाणी?"

"टँकर यायचा त्यांच्याकडे," मी म्हणालो. आता येतो की नाही, मला माहीत नाही.