पप्पांची लॉगशीट

आपली बरीच मुलेमुली आता संगणकाकडे वळली आहेत, म्हणून हे लिहितो.

दीपनगरच्या वीज केंद्रात मी कंट्रोल रूममध्ये होतो. 210 मेगावॅटच्या संचाची रीडिंगं दर तासाला लॉगशीटवर लिहायची. पण दोन रीडिंगच्या मध्येच बॉयलरच्या ड्रममधले पाणी उतरले तर? त्यासाठी समोर अलार्मच्या खिडक्या असत. हद्द ओलांडली की दिवा लुकलुके, हूटर वाजे. रात्रपाळीत त्या हूटरनेच आम्हाला सावध केले आहे, लॉगशीटने नाही.

गेल्या वर्षी माझी धाकटी मुलगी पुण्याहून मुलाखतीत नापास होऊन आली. दोन दिवस नीट जेवली नाही. प्रश्न असा होता: पडद्यावरच्या पानाचा एखादा भाग दुसऱ्याच प्रोग्रामने बदलला, तर आपल्या प्रोग्रामला कसे कळेल? तिने सांगितले, जावास्क्रिप्टने दर सेकंदाला तपासू.

"पप्पा, मी तुमची लॉगशीट सांगितली. त्यांना अलार्म हवा होता."

मग विहाराच्या अभ्यासिकेत बसून ती तो अलार्म शिकली. त्याचे नाव म्युटेशन ऑब्झर्व्हर. त्याच्या आधीची रीत प्रत्येक बारीक बदलाला चालू काम अडवून ओरडायची, पान मंदावायचे. क्रोमने ती 2024 साली काढूनच टाकली. 2012 पासून ब्राउझरमध्ये येऊ लागलेला ऑब्झर्व्हर बदल टिपून ठेवतो आणि हातातले काम संपताच सगळी यादी एकदम देतो. कोणत्या भागावर नजर ठेवायची आणि काय पाहायचे, ते आधी सांगावे लागते: आतले घटक वाढले-घटले, गुणधर्म बदलले की मजकूर. 'सबट्री' सांगायचे राहिले तर थेट मुलांची खबर मिळते, नातवंडांची नाही. यात तिचे दोन दिवस गेले. पुढची चूक याहून वाईट. खबर मिळताच तिचा प्रोग्राम त्याच भागात काहीतरी लिही. तोही बदलच! पुन्हा खबर, पुन्हा लिहिणे, अंतच नाही. आता ती लिहिण्याआधी पहारा उठवते, लिहून झाले की बसवते.

शेजारचा मुलगा शिष्यवृत्तीचे पान दिवसभर उघडे ठेवून बसे. त्याला तिने समजावले, तिकडे कार्यालयात नोंद बदलली तरी हा पहारेकरी बोलणार नाही. बदल आपल्या उघड्या पानात उतरला तरच बोलेल. तोवर पान नव्याने मागवावेच लागते.

मागच्या महिन्यात तिने दुसरी मुलाखत दिली. निकाल यायचा आहे. परवा पाहिले, दर दहा मिनिटांनी फोन उघडून मेल बघत होती. म्हटले, "बाई, ही माझी लॉगशीटच चालली आहे!" तेव्हा कुठे हसली.