सुपरमॅनचे दोन बाप

आमच्यासारख्या माणसाने सुपरमॅनवर लेख लिहावा हे काहींना हास्यास्पद वाटेल. दिवसभर कारकुनी करायची, संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे रेशनकार्डाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायचे, रविवारी विहारात मुलांचा अभ्यासवर्ग घ्यायचा, आणि वर हे पँटवरून लाल चड्डी घालणाऱ्या अमेरिकन वीराचे वेड! पण वेड आहे ते आहे. १९८८ सालापासून आहे.

त्या वर्षी भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी वस्तीत वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला होता. रात्रभरात तीन पिक्चर. दोन हिंदी झाले आणि पहाटेच्या सुमारास तिसरी कॅसेट लागली, ती इंग्रजी निघाली. १९७८ सालचा 'सुपरमॅन'. क्रिस्टोफर रीव्ह सुपरमॅन आणि मार्लन ब्रँडो त्याचा बाप जॉर-एल. इंग्रजी कुणालाच धड येत नव्हते. कॉलेजात जाणारा एक दादा पुढे बसून आम्हा पोरांना अर्थ सांगत होता. क्रिप्टॉन नावाचा ग्रह फुटणार असतो. जॉर-एल आपले तान्हे बाळ यानात घालून पृथ्वीवर पाठवतो. पुढे बाळ मोठे झाल्यावर मेलेला बाप स्फटिकातून त्याच्याशी बोलतो. पांढरे केस, झगझगीत पांढरा पोशाख, धीरगंभीर आवाज. दादाने सांगितले, "तो म्हणतोय, शीक, मोठा हो आणि दुबळ्यांच्या बाजूने उभा राहा." ते भाषांतर पुष्कळसे दादाच्या पदरचे होते हे आम्हाला फार उशिरा कळले. तोवर ते काळजात जाऊन बसले होते.

त्याचे कारणही होते. आमचे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर त्यांची नोकरी गेली ती गेलीच, आणि त्याबरोबर त्यांचे बोलणेही गेले. रात्री ओट्यावर बसून नुसते रस्त्याकडे पाहायचे. मरून गेल्यावरही पोराशी बोलत राहणारा बाप आम्ही त्या पहाटे पहिल्यांदा पाहिला.

पुढे बी.कॉम. झालो, नोकरीला लागलो, वाचनाची सवय लागली आणि या वीराचा सातबाराही शोधून काढला. जेरी सीगल आणि जो शूस्टर ही अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातली दोन गरीब पोरे. दोघांचेही आईबाप परदेशातून आलेले ज्यू. १९३८ साली त्यांचा सुपरमॅन छापून आला आणि त्याचे सारे हक्क कंपनीने त्यांच्याकडून १३० डॉलरला लिहून घेतले. कंपनीने पुढे अमाप कमावले. शूस्टरची नजर अधू होत गेली आणि सीगल उतारवयात कॅलिफोर्नियात एका सरकारी कचेरीत टायपिस्ट कारकून म्हणून बसला. सुपरमॅनचा जन्मदाता आमच्याच जातीचा, म्हणजे कारकुनाच्या! १९७८ च्या सिनेमाची तयारी चालू असताना त्यांची हलाखी वर्तमानपत्रांतून गाजली, तेव्हा कुठे १९७५ अखेर कंपनीने दोघांना वर्षाला २०,००० डॉलर आणि सुपरमॅनवर जन्मदाते म्हणून नाव द्यायचे कबूल केले.

आणखी एक गोष्ट. १९४६ साली तिकडच्या रेडिओवर सुपरमॅनची मालिका चाले. तिच्या एका कथेत एका चिनी कुटुंबाला वस्तीतून हुसकावू पाहणारी, कू क्लक्स क्लॅनच्या धर्तीवरची वर्णद्वेषी टोळी होती, आणि सुपरमॅन त्या कुटुंबाच्या बाजूने उभा राहिला. म्हणजे आमच्या दादाने केलेले भाषांतर अगदीच चुकीचे नव्हते म्हणायचे.

आता मूळ विषयाकडे येतो. ऑफिसातला संगणक अडला की आम्ही तो बंद करून पुन्हा चालू करतो. सिनेमावालेही तसेच करतात. जुने सगळे पुसायचे आणि तीच कथा नव्या नटांना घेऊन पहिल्यापासून मांडायची. याला ते रीबूट म्हणतात. २०१३ साली असे एकदा झाले. 'मॅन ऑफ स्टील'मध्ये हेन्री कॅव्हिल सुपरमॅन झाला. त्यात सारे शहर जमीनदोस्त होते आणि शेवटी सुपरमॅन शत्रूची मान मोडून त्याला ठार करतो. लाल चड्डीही गेली होती. आम्ही थिएटरातून सुतकी चेहऱ्याने बाहेर पडलो होतो.

म्हणून जुलै २०२५ मध्ये जेम्स गन या दिग्दर्शकाचा नवा 'सुपरमॅन' लागला तेव्हा जावे की न जावे असे झाले. पण लाल चड्डी परत आली आहे अशी पक्की बातमी होती. शिवाय भाच्याशी बोलायला काहीतरी निमित्त हवे होते.

भाच्याविषयी सांगितले पाहिजे. आमच्या धाकट्या बहिणीचा हा मुलगा. तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली. बाप दारूपायी आधीच घरातून उठला होता. तेव्हापासून तो आमच्याकडे आहे, आता पंधराचा झाला. नातेवाइकांची एक खोड असते. पोराने ग्लास फोडला तरी "बापावर गेलाय." उलट उत्तर दिले तरी "बापावर गेलाय." आमच्या आयुष्यमती अशा वेळी भल्याभल्यांना दाराबाहेर काढतात. आम्हीही माणूस जन्मावरून ठरत नाही यावर विहारात तासभर बोलू शकतो. बोललोही आहोत, टाळ्याही घेतल्या आहेत.

आणि २०२४ च्या दिवाळीनंतर त्याने क्लासची फी मोबाईलच्या खेळात उडवली हे उघडकीला आले, त्या संध्याकाळी घरात चार माणसे बसलेली असताना आम्ही म्हणालो, "खाण तशी माती." तोंडातून गेले ते गेले. पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने आमच्याकडे पैसे मागणे बंद केले. बसचेही. शाळेत चालत जाऊ लागला.

तर एका रविवारी भर पावसात आम्ही तिघे हिंदीतला 'सुपरमॅन' पाहायला गेलो. तिकिटे आणि पॉपकॉर्न यांत महिन्याचे दूध झाले असते, पण ते असो. डेव्हिड कोरेन्स्वेट हा नवा नट आम्हाला पहिल्या पाच मिनिटांतच आवडला. सुरुवातीलाच मार खाऊन बर्फात रक्तबंबाळ पडलेला सुपरमॅन शीळ घालतो आणि त्याचा द्वाड कुत्रा क्रिप्टो त्याला ओढत घरी नेतो. भाचा हसला. पुष्कळ महिन्यांनी आमच्याशेजारी बसून हसला. भर धुमश्चक्रीत सुपरमॅन एका खारीला वाचवतो, तिथे तर आयुष्यमतींनी टाळी वाजवली. चुंबनाची दृश्ये सेन्सॉर बोर्डाने आधीच कापली होती, त्यामुळे तोही अवघडलेपणा टळला.

आणि मग घात झाला. या सिनेमात आईबापांनी क्रिप्टॉनहून पाठवलेला निरोप अर्धाच शाबूत असतो. तो अर्धा गोड आहे, त्यावर सुपरमॅन जगत असतो. लेक्स लूथर हा खलनायक उरलेला अर्धा मिळवतो आणि साऱ्या जगाला ऐकवतो. काय निघते त्यात? तर पृथ्वीवरची माणसे दुबळी आहेत, त्यांच्यावर राज्य कर. आमचा जॉर-एल! पांढऱ्या केसांचा, धीरगंभीर आवाजाचा! आमच्या अंगाचा तिळपापड झाला. काल जयजयकार करणारे लोक पडद्यावर सुपरमॅनला शिव्या देऊ लागले, परका म्हणू लागले. मध्यंतर झाल्यावर आम्ही तावातावाने बोलत राहिलो की या लोकांनी सत्त्यानाश केला, सीगल आणि शूस्टर असते तर रडले असते, वगैरे. आयुष्यमती म्हणाल्या, "अहो, हळू." भाचा पॉपकॉर्नचा डबा मांडीवर तसाच धरून बसला होता. एक दाणा खाल्ला नव्हता.

उत्तरार्धात मलिक अली नावाचा माणूस आहे. रस्त्यावर खाण्याच्या पदार्थांची गाडी लावणारा. सुपरमॅन पडला तेव्हा हात देऊन उठवायला तोच पुढे आला होता. लूथर सुपरमॅनदेखत त्याला गोळी घालतो. एवढ्या खर्चाच्या सिनेमात आम्हाला सगळ्यात जास्त तो गाडीवाला लागला.

मग मार खाल्लेला सुपरमॅन गावी जातो, शेतकरी केंट नवरा-बायकोकडे, ज्यांनी त्याला वाढवले. १९७८ च्या सिनेमात हा पाळणारा बाप हृदयविकाराने मरतो. २०१३ मध्ये वादळात मरतो. या वेळी त्याला जिवंत ठेवला आहे. ढेरपोटा, टकला, बोलताना गहिवरणारा म्हातारा. ओसरीत बसून तो पोराला एवढेच समजावतो की तू कोण आहेस हे आईबाप ठरवत नाहीत, तू जे करतोस त्यावरून ठरते. बास. ना झगझगीत पोशाख, ना धीरगंभीर आवाज.

त्या वेळी आम्ही पडद्याकडे पाहत नव्हतो. भाच्याकडे बघण्याचा धीर होत नव्हता, म्हणून समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे पाहत होतो. सिनेमाच्या शेवटी यंत्रमानव सुपरमॅनला बरे वाटावे म्हणून आईबापांची चित्रफीत लावतो, आणि या खेपेला त्यात क्रिप्टॉनचे कुणी नसते. केंट नवरा-बायको असतात, त्यांच्यामागे धावणारे लहान पोर असते. शेजारी नाक ओढल्याचा आवाज आला. आयुष्यमतींना सर्दी झाली असेल असे आम्ही स्वतःला सांगितले.

परतताना गाडी उशिरा होती. फलाटावर छत्री मिटून आम्ही भाच्याला म्हणालो, की त्या दिवाळीनंतर जे बोललो ते बोलायला नको होते. त्याने लगेच विचारले, "खाण तशी माती?" म्हणजे शब्द न् शब्द ध्यानात होता. आम्ही हो म्हणालो. मग पुष्कळ वेळ तो रुळांवर पडणारा पाऊस बघत राहिला. गाडी आली तेव्हा म्हणाला, "मामा, तुमचा तो जुना बघायचाय मला."

पुढच्या रविवारी दोघांनी मिळून जुना पाहिला. ब्रँडो बोलायला लागला तसे आम्ही नेहमीप्रमाणे सावरून बसलो. भाच्याने विचारले, "याचापण अर्धा निरोप दाबून ठेवलाय का?" आम्ही म्हणालो, या सिनेमात तरी नाही. त्याला ते फारसे पटलेले दिसले नाही. पुढे केंट बाप अंगणात कोसळला, तेव्हा तो उठून पाणी प्यायला गेला. येताना आमच्यासाठीही तांब्या भरून घेऊन आला.