ए. जोन्सची मिशी

शीर्षक वाचून आपणांस वाटेल की हा एखाद्या इंग्रजी हेरकथेचा अनुवाद असावा. तसे नाही. ए. जोन्स नावाचा एक पोलो खेळाडू अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात होऊन गेला. म्हणजे होऊन गेला असे लोकांना वाटत होते. खरे पाहता असा कोणी पुरुष नव्हताच. होती ती एक बाई, आणि तिची मिशी डोळ्यांच्या पापण्यांना लावायच्या काळ्या रंगाने काढलेली होती!

यंदा आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी वर्गातल्या प्रत्येकाला एकेक उतारा मराठीत करायला दिला. कुणाला समुद्रावरचा आला, कुणाला गांधीजींवरचा आला. माझ्या वाट्याला पोलो आला. घरी इंग्रजी सांगणारे कुणी नाही. आप्पा चौथी शिकलेले, आई शाळेत गेलीच नाही. शब्दकोश मांडीवर घेऊन बसले. पहिल्या वाचनात निम्मे शब्द अडले. पण एका वाक्याशी मी थांबले ती शब्द अडला म्हणून नव्हे. ही बाई सामन्याआधी केस वर बांधून शिरस्त्राणात कोंबी, छाती पट्टीने आवळून घेई आणि वर ढगळ शर्ट घाली, असे ते वाक्य होते. पुढे मला वाचवेना. कारण ते सारे मी स्वतः केलेले होते. मिशी तेवढी लावली नव्हती.

ते का केले हे पुढे सांगते. आधी त्या बाईची ओळख करून द्यायला हवी.

तिचे नाव सू सॅली हेल. माहेरचे आडनाव जोन्स. जन्म १९३७ सालचा, लॉस एंजेलिसचा. लहानपणापासून तिला घोड्यांचे वेड होते आणि घोड्यांमधून ते वेड पोलोकडे वळले. पोलो म्हणजे घोड्यावर बसून लांब दांड्याच्या लाकडी हातोडीने चेंडू मारायचा खेळ. एका बाजूला चार खेळाडू. मैदान केवढे, तर तीनशे यार्ड लांब! आमच्या कॉलेजचे मैदान त्यात सहज दोन-तीनदा मावेल. खेळाच्या एका डावाला चकर म्हणतात. तो साधारण सात मिनिटांचा असतो, आणि तेवढ्यात घोडा इतका दमतो की पुढच्या चकरला दुसरा घोडा घ्यावा लागतो. हातोडी उजव्या हातातच धरायची. डावखुऱ्यालासुद्धा सूट नाही, कारण दोन घोडेस्वार समोरासमोर आले तर टक्कर होऊन जीव जायचा. प्रत्येक खेळाडूची योग्यता उणे दोन ते दहा अशा आकड्यांत मोजतात, त्याला हँडिकॅप म्हणतात. दहा म्हणजे जगातले मोजके लोक.

या आकड्यात बाई आणि पुरुष असा भेद करायचे खरे तर कारण नाही. अर्धे काम घोडाच करतो. पण १८९० साली स्थापन झालेल्या अमेरिकेच्या पोलो संघटनेत बायकांना सभासद होता येत नसे, आणि सभासद नसेल त्याला स्पर्धेत उतरता येत नसे. मग सू सॅलीने वाट काढली. यादीत नाव लिहायचे 'ए. जोन्स'. आद्याक्षरात बाई आहे की पुरुष हे कुणाला कळणार? ती सामना खेळे, मिशी पुसे, आणि संध्याकाळच्या मेजवानीला बाईच्या वेषात हजर होई. तिथे पुरुष मंडळी दिवसभराच्या खेळाच्या गप्पा मारीत आणि तीही त्या ऐकत उभी असे, असे सांगतात. हे एक-दोन वर्षे नव्हे, सुमारे वीस वर्षे चालले.

वीस वर्षे! मी केले ते फक्त एका दुपारपुरते.

आमचे गाव पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात. बैलगाडा शर्यतीचा हा मुलूख. ज्यांनी घाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे घाट म्हणजे चढाची सरळ धावपट्टी. चार बैलांचा गाडा सुटतो, आणि बैलांच्या पुढे एक घोडी पळते. घोडीवर बसणारा बहुतेक हलका, अंगाने चपळ असा पोरगा असतो. घोडी चुकली तर गाडा चुकला, आणि स्वार पडला तर मागून चार बैल येत असतात. सारा खेळ काही सेकंदांचा, पण त्यासाठी लोक वर्षभर घोडीला पोटच्या पोरासारखे जपतात.

आमच्या घरी हरणी नावाची घोडी आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. मुक्या जनावरांचे हाल होतात हे त्यामागचे कारण होते, आणि काही ठिकाणी ते होत होते हे मी नाकारणार नाही. बंदीत अनेकांनी घोड्या विकल्या. बंदी उठेल या आशेवर आप्पांनी एक शिंगरू आणले, तीच हरणी. तिला पाण्यावर नेणे, माळावर फिरवणे हे काम माझ्याकडे होते. दादा बाहेर कामाला जायचा. मी खोगिराशिवाय बसायला शिकले ते कुणी शिकवले म्हणून नव्हे, खोगीर नव्हते म्हणून.

डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि पुढच्या चैत्रात यात्रा पुन्हा गाजू लागल्या. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. शेजारच्या एका गावच्या यात्रेत आमच्या पाहुण्यांचा गाडा होता आणि घोडी आमची, वर दादा. दोन दिवस आधी दादा विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरला आणि मनगट मोडले. दुसरा पोरगा मिळाला असता, पण हरणी परक्याला पाठीवर टिकू देत नाही. आप्पा रात्रभर ओट्यावर बसून होते. पहाटे त्यांनी मला उठवले.

"दादाची कापडं घालशील का?"

एवढेच विचारले. मी हो म्हणाले. आईने माझे केस इतके घट्ट बांधले की डोळे ताणले गेले. त्यावर दादाचीच टोपी, त्यावर रुमाल. आई एक शब्द बोलली नाही, पण तिचे हात थरथरत होते हे मला मानेवर कळत होते.

घाटाच्या खाली उभी होते तेव्हा कर्ण्यातून नाव पुकारले गेले. आप्पांचे नाव, गावाचे नाव, आणि "घोडीवर" म्हणून दादाचे नाव. आजही ते आठवले की पोटात काहीतरी हलते. पुढचे मला तुटक तुटक आठवते. हरणीचे कान, मागे बैलांच्या खुरांचा आवाज, दोन्ही बाजूंनी "भिर्रर्र"चा गलका, आणि मग एकाएकी वर पोचल्यावरचा भंडारा. आमची बारी पहिल्यांत बसली. एक म्हातारे बाबा जवळ येऊन माझ्याकडे निरखून म्हणाले, "पोरगं लई हलकं बसतंय, जणू पोरगीच!" आप्पा मोठ्याने हसले. मी मान खाली घालून टेम्पोच्या मागे गेले.

घरी दादा आतल्या खोलीत दार लावून बसला होता. त्याच्या नावाने घोडी पळत असताना तो गावात दिसून चालणार नव्हता. दुसऱ्या दिवसापासून लोक त्याच्या पाठीवर थाप मारू लागले, आणि यात्रेहून परतताना हात मोडला अशी कथा आम्ही पसरवली. तो बक्षिसाचा चषक आमच्या घरात देवळीत आहे. त्यावर कुणाचेच नाव नाही, पण पाहुण्यांना तो दादाचा म्हणून दाखवला जातो. प्रत्येक वेळी दादा माझ्याकडे बघत नाही. तेव्हा मला वाटे, नाव माझे गेले. आता वाटते, त्याचेही काहीतरी गेले. न केलेल्या कामाची थाप झेलणेही सोपे नसते.

त्यानंतर मी घाटात उतरले नाही. आई म्हणाली, "झालं ते झालं." दादाचा हात बरा झाला. मी अकरावीला आले, मग इथे. घाटाचा विषय घरात निघेनासा झाला आणि मीही तो बंद करून ठेवला. तो उघडला मॅडमच्या उताऱ्याने.

उतारा संपला तरी माझे समाधान होईना. ग्रंथालयात बसून मिळेल ते वाचले. सू सॅली काही धनिकाची लेक नव्हती. पोलो हा राजामहाराजांचा आणि बड्यांचा खेळ म्हणतात, कारण एका सामन्याला एका खेळाडूला अनेक घोडे लागतात. ती घोडे शिकवी, मुलांना खेळ शिकवी आणि त्यावर आपले वेड पोसी. कार्मेल व्हॅली येथे तिने पोलोचा क्लबही काढला. ती पाच मुलांची आई होती. संघटनेकडे मागणी करीत राहिली. अखेर १९७२ साली संघटनेने बायकांना सभासदत्व दिले आणि ते मिळालेल्या पहिल्या बायकांत ती होती. तेव्हा तिचे वय पस्तिशीचे. ऐन उमेदीची वर्षे ए. जोन्सच्या खात्यावर जमा झाली होती! २००३ साली ती वारली.

तिची मुलगी सनी १९६९ साली जन्मली. तिने आईकडूनच खेळ उचलला आणि पोलो हाच पोटाचा व्यवसाय केला. पुरुषांच्या संघांनी तिला मोबदला देऊन बोलावले. तिचा हँडिकॅप पाचपर्यंत चढला. अमेरिकेतली मोठी खुली स्पर्धा १९०४ साली सुरू झाली. ती जिंकणाऱ्या संघात बाई असायला २००० साल उजाडावे लागले, आणि ती बाई सनी होती. त्या संघात तिच्या बरोबरीने अर्जेंटिनाचा आदोल्फो काम्बियासो होता, दहा हँडिकॅपचा, जगातल्या थोर खेळाडूंपैकी एक. पुढे २००५ पासून तिने खास बायकांसाठी स्पर्धांची मालिका सुरू केली. २०१७ साली, पन्नाशीही गाठली नसताना, ती गेली.

हे सारे परदेशातले, असे कुणी म्हणेल. पण आजच्या पोलोचा उगम आपल्या मणिपूरचा. तिथे त्याला सगोल कांगजेइ म्हणतात. तिथल्या लोकांचा खेळ पाहूनच इंग्रज मळेवाल्यांनी १८५९ साली सिल्चरला क्लब काढला आणि तिथून तो जगभर गेला. प्रथम वर्षाच्या इतिहासात आपण वाचले की कुतुबुद्दीन ऐबक १२१० साली लाहोरला चौगान खेळताना घोड्यावरून पडून मेला; तोही याच जातीचा खेळ. मणिपूरला राज्याचा दर्जा मिळाला १९७२ सालीच, आणि त्या राज्यदिनाच्या निमित्ताने इंफाळला २०१६ पासून बायकांची पोलो स्पर्धा भरू लागली. ठेंगण्या मणिपुरी तट्टांवर तिथल्या मुली परदेशी संघांशी खेळल्या. त्यांची नावे त्यांचीच होती.

हा लेख लिहिला तेव्हा माझ्यापुढे एक अडचण उभी राहिली. वार्षिकांक गावात येतो. आमच्या वाडीतली तीन मुले याच कॉलेजात आहेत. लेख छापला की देवळीतल्या चषकाची गोष्ट फुटणार. आप्पांचे हसू होईल, दादाला लोक काय म्हणतील ते वेगळेच. टोपणनावाने द्यावा असे मनात आले. मग माझे मलाच हसू आले. सू सॅलीवर लेख लिहायचा आणि खाली सही ए. जोन्सची करायची!

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा रात्री जेवणे झाल्यावर मी सगळा लेख वाचून दाखवला. इंग्रजी नावे आली की आई "कोण गं ही?" म्हणून विचारी. घाटाचा भाग आला तेव्हा कुणीच काही बोलले नाही. दादा उठून बाहेर गेला. मला वाटले, संपले. तो परत आला तो देवळीतला चषक घेऊनच आला, आणि तो त्याने माझ्या वहीशेजारी ठेवला. म्हणाला, "चार वर्षं ही ब्याद मी सांभाळतोय. छाप."

आप्पा मात्र गप्पच होते. त्यांनी चुना मळला, तंबाखू दाढेत धरली. बऱ्याच वेळाने विचारले, "त्या बाईच्या पोरीला मिशी लावावी लागली का?"

"नाही आप्पा."

"मग झालं की," ते म्हणाले आणि हरणीला वैरण टाकायला उठले.

'झालं' म्हणजे काय झाले, हे मी विचारले नाही. चैत्र आता तोंडावर आला आहे. हरणीचे वय झाले, यंदा ती घाटात पळेल की नाही सांगता येत नाही. पळाली तर वर कोण बसेल, आणि कर्ण्यातून कुणाचे नाव पुकारले जाईल, यावर घरात अजून बोलणे झालेले नाही. पण मागच्या रविवारी घरी गेले तेव्हा आप्पांनी आणलेले नवे खोगीर गोठ्याच्या खुंटीला टांगलेले होते. मी ते हरणीच्या पाठीवर चढवून पाहिले. रिकीब दादाच्या पायांना आखूड होती. माझ्या पायांना बरोबर बसली.