दुकानांची यादी आधी कर

जोयडा, जि. उत्तर कन्नड

चि. नंदन यास अनेक आशीर्वाद.

जुन्या सुप्यावरच्या स्मरणिकेचा आराखडा मिळाला. हे काम तू मनावर घेतलंस याचं मला फार समाधान आहे, म्हणूनच जे खटकलं ते आडपडदा न ठेवता लिहितो. पूजास्थानांना तू मोठा विभाग दिला आहेस, घराण्यांनाही दिला आहेस, आणि बाजारपेठ मात्र 'इतर' या मथळ्याखाली एका पानात आटोपली आहेस. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. बुडालेल्या किंवा उठून गेलेल्या वस्तीत सगळ्यात आधी लिहून काढायची ती दुकानं. देऊळ, चर्च, मशीद त्यानंतर. श्रद्धेचं मोल कमी आहे म्हणून मी हे म्हणत नाही. देवाला वाली असतो, दुकानाला नसतो, एवढंच माझं कारण आहे, आणि ते तुला पटावं म्हणून हे लांबलचक पत्र.

काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं सुपा हे तालुक्याचं ठिकाण होतं. गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, १९८७ मध्ये ते पुरं झालं आणि गाव जलाशयाखाली गेलं. कोयनेच्या धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं. इथलं साठवण दीडशे टीएमसीच्या घरात जातं, यावरून पाण्याचा विस्तार ध्यानात येईल. आता या गावातल्या कोणत्या गोष्टी हलू शकत होत्या ते पाहा. कचेरी हलली: शिक्के आणि दप्तरं घेऊन ती जोयड्याला आली, तालुकाही जोयड्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. माणसं हलली, त्यातली बरीच रामनगरला वसली. देव विधिपूर्वक हलवता येतो. दुकान मात्र हलत नाही. दुकान म्हणजे चार भिंती, फळ्या आणि तागडी नव्हे. अमुक वाटेवर असणं, अमुक दहा-वीस वाड्यांतली माणसं त्याच दारात येणं, आणि त्यांच्यातल्या कोणाला किती उधार द्यायचं हे मालकाला न विचारता ठाऊक असणं, हे सगळं मिळून दुकान होतं. वाड्याच चहूकडे पांगल्या की तोच मालक तीच तागडी घेऊन दुसरीकडे बसला तरी ते दुकान पुन्हा उभं राहत नाही. भूसंपादनाच्या कागदावर जमीन मोजता येते, इमारत मोजता येते, आंब्या-फणसाचं झाडही मोजता येतं. वहीवरचं येणं वसूल करायला गिऱ्हाईक शेजारी उरलेलं नसतं, त्याचं मोजमाप कोण करणार?

देव हलतात याचे दाखले आपल्याकडे हवे तेवढे आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. साडेचारशे वर्षं उलटली, तरी कोणती देवी कोणत्या गावातून आली हे गोव्यातलं पोरही सांगेल. अगदी अलीकडचा आणि आपल्या शेजारचा दाखला कुर्डीचा. मोगूबाई कुर्डीकरांचं हे जन्मगाव, सांगे तालुक्यातलं, साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिथलं जुनं महादेवाचं दगडी मंदिर पुरातत्त्व खात्याने एकेक दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा रचलं. दर मे महिन्यात पाणी ओसरतं तेव्हा कुर्डीकर परततात: हिंदू सोमेश्वराकडे, ख्रिस्ती आपल्या कपेलाच्या फेस्ताला. त्या ओल्या मातीत माणसांचे पाय आपोआप वळतात ते या दोनच ठिकाणी. दुकानाच्या जोत्यावर दिवा लावायला कुणी येत नाही, आणि यावं अशी अपेक्षाही नाही. मी एवढंच दाखवतो आहे की पूजास्थानाची आठवण टिकवायला पंचांग आहे, वर्षाचा सण आहे, पुजारी नाहीतर पाद्री आहे. दुकानाची आठवण टिकवायला एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याखेरीज काही नाही.

जुनं गोवं तर या बाबतीत सगळ्यात मोठा पुरावा आहे. यान ह्युगेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात तिथे आर्चबिशपच्या चाकरीत होता आणि त्याचा वृत्तांत १५९६ मध्ये छापून निघाला. आर्चबिशपचाच माणूस, तेव्हा त्याने नुसत्या चर्चांवर लिहिलं असतं तरी नवल नव्हतं. पण त्याने रुआ दिरेता हा सरळ रस्ता लिहून ठेवला: रोज सकाळी तिथे भरणारा लिलाव, विकायला आणलेले घोडे, कापड आणि गुलाम माणसंही, खंबायतच्या व्यापाऱ्यांची रत्नं, सोनारांची आळी, कोपऱ्याकोपऱ्यावर बसलेले सराफ. हजार नाण्यांत एक खोटं असलं तरी या सराफांच्या हाताला ते लागायचं, अशी त्यांची ख्याती त्याने नोंदवली आहे. पुढे १६०८ च्या सुमारास आलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल यानेही त्याच रस्त्यावरच्या जवाहिऱ्यांचं वर्णन केलं. हे दोघे परदेशी लिहून गेले नसते, तर त्या पेठेबद्दल आज आपण काय सांगू शकलो असतो? १९८६ मध्ये युनेस्कोने जुन्या गोव्याला जागतिक वारसा ठरवलं ते 'गोव्यातील चर्च आणि मठ' या नावाने. त्या नावात चूक काही नाही, जे उभं होतं त्याचंच नाव दिलं गेलं. पण एके काळी आशियातल्या मोठ्या बाजारांत गणलं गेलेलं शहर आता फक्त चर्चांचं शहर म्हणून जगाला ठाऊक आहे.

यावर तू म्हणशील, जुन्या गोव्यातली चर्चही नाहीशी झालीच की. झाली, आणि केव्हा झाली ते पाहण्यासारखं आहे. रोगराईने शहर रिकामं होत गेलं, व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला राहायला गेला, तरीही मठ उभे होते. १८३५ मध्ये धर्मसंघ बंद झाले, मठांतले साधू गेले, आणि मग एकेक इमारत पडू लागली. ऑगस्टिनच्या चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी बाजू गेली, आज मनोऱ्याचा तुकडा तेवढा उरला आहे. सॅ कॅथेड्रलमध्ये उपासना चालू राहिली, ते उभं राहिलं. म्हणजे दगडापेक्षा वाली महत्त्वाचा, हेच यातून दिसतं. आणि पडक्या चर्चचंही सगळं वाया गेलं नाही. ऑगस्टिनची घंटा १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली, अजून वाजते. इन्क्विझिशनच्या वाड्यातला क्रूस आधी पणजीच्या राजवाड्यात आणि १९१८ मध्ये फोंताइन्याशच्या सेंट सेबास्तियन कपेलात पोचला. त्याच ऑगस्टिनच्या अवशेषांत उत्खनन करून जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी शोधल्या गेल्या, डीएनए तपासून त्यांची खात्री पटवली गेली आणि २०२१ मध्ये त्या भारत सरकारने जॉर्जियाला दिल्या. चारशे वर्षांपूर्वीच्या एका हाडाच्या तुकड्याला विचारणारं कुणीतरी निघालं. रुआ दिरेतावरच्या एकाही सराफाचं नाव विचारायला कुणी आलेलं नाही.

कॅसलरॉकचं थोडक्यात सांगतो. ते आपल्याच तालुक्यात. १८८८ मध्ये मुरगावहून रेल्वे घाट चढून तिथवर आली आणि ब्रिटिश हिंदुस्थान व पोर्तुगीज गोवा यांच्या सीमेवरचं ते जकातीचं स्टेशन झालं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ती सीमाच राहिली नाही. तिथे धरण नाही, रोगराई नाही, स्टेशनही जागेवर आहे. पण जकातीसाठी थांबणाऱ्या प्रवाशांवर आणि मालावर जी कमाई अवलंबून होती, तिला आधार उरला नाही. दुकान जायला गाव बुडावंच लागतं असं नाही.

आता तुझ्या मनातला खरा आक्षेप. जंगलातल्या तालुक्यातलं दुकान म्हणजे सावकारीच नव्हती का? कुणबी, गवळी, सिद्दी यांच्याकडचा मध, शिकेकाई, हिरडा मातीमोलाने घ्यायचा, मीठ आणि सुकी मासळी चढ्या भावाने उधार द्यायची, आणि सुगीला धान्य मोजून न्यायचं. अशा व्यवहाराचं कौतुक कशाला? कौतुक करू नकोसच. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच दुकानांची नोंद हवी म्हणतो. पूजास्थानाच्या इतिहासात एकेका समाजाची गोष्ट येते. पण एकाच दारात कोकणी, मराठी, कानडी आणि दख्खनी बोलणारी माणसं उभी राहत ती दुकानाच्या. त्यातलं कोण बाकावर बसायचं, कोण पायरीखालीच थांबायचं, कोणाच्या हातात सामान वरून टाकलं जायचं, हेही त्याच दारात दिसायचं. गावातला सलोखा आणि गावातला अन्याय या दोन्हींचा पुरावा एकाच जागी होता. ती जागा वगळलीस तर स्मरणिकेत फक्त उत्सवांचं गाव उरेल, आणि पायरीखाली उभं राहिलेल्यांच्या नातवंडांना त्यात आपलं काहीच सापडणार नाही.

वीज हवी होती, मग हे रडगाणं कशाला, असंही काही जण म्हणतील. काळीच्या पाण्यावर गणेशगुडीला आणि खाली नागझरीला तयार होणारी वीज राज्याला लागतेच, ती मी नाकारत नाही. पण धरण हवं होतं की नको हा वाद वेगळा आहे. हवं होतं असं मानणाऱ्यावर तर नोंदीची जबाबदारी जास्त येते. ज्याचा लाभ घेतला त्याची किंमत नेमकी काय होती हे त्याला सांगता यायला हवं. 'एक बाजारपेठ' असं म्हटल्याने ती किंमत कळत नाही. संगमाकडून वर येताना उजव्या हाताला कोण, डाव्या हाताला कोण, शिंपी कुठे बसायचा, गिरणी कुणाची, चहा कुठे मिळायचा आणि तिथे कोणाला वेगळा कप असायचा, पायली-शेराची मापं जाऊन किलो केव्हा आला, हे लिहिलं म्हणजे कळते. सुपा सोडताना जे जाणते होते, ते आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. देवळाची माहिती पुढच्या वर्षीही मिळेल. ही मिळेलच असं नाही.

तेव्हा रामनगरला जाशील तेव्हा दोन-तीन जणांना एकत्र बसव आणि कागदावर रस्ता काढायला सांग; एकट्याला विचारलंस तर तो आपलंच दुकान सांगेल, एकत्र बसले की एकमेकांना दुरुस्त करतील. बायकांना वेगळं विचार, कारण तेल-मिठाचा भाव आणि दुकानदाराची नियत त्यांना जास्त ठाऊक असते. कुणाच्या माळ्यावर लाल कापडी बांधणीची लांबट वही निघाली तर जपून उघड. जुन्या वह्यांत कागद दुमडून पाडलेल्या सळांचेच रकाने असतात, एका अंगाला जमा, दुसऱ्या अंगाला नावे. ते सळ फोटोत दिसतील असा तिरपा उजेड पाडून प्रत्येक पानाचा फोटो घे. माणसाच्या नावापुढे वाडीचं नाव लिहिलेलं असेल तर ते आधी टिपून घे, त्यावरून कोणत्या वाड्या कोणत्या दुकानाला बांधलेल्या होत्या ते निघेल. मात्र कर्जदारांची नावं छापू नकोस. ती घराणी आजही तिथेच नांदत आहेत, आणि आजोबांची बाकी नातवाच्या वाट्याला छापील स्वरूपात यायचं कारण नाही. आकडे, माल, वाड्या आणि तिथी एवढंच दे.

पहिला मसुदा झाला की मला पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका